मामेभाऊ 400 रेटिंगनं पुढे आहे, रश करून हरवता येईल का?

प्रश्न विचारणारा वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्यात नोकरी करणारा मामेभाऊ दर पोळ्याला गावी येतो आणि दोघं लॅपटॉपवर एज ऑफ एम्पायर्स 2 ची डेफिनिटिव्ह एडिशन खेळतात, म्हणजे गाव वसवून, फौज उभारून समोरच्याला हरवायचा खेळ. मामेभावाचं रेटिंग 1300, याचं 900. त्याचं म्हणणं असं: "तो शांतपणे शेती वाढवत बसतो, विसाव्या मिनिटानंतर नाइट्सचा, जड घोडेस्वारांचा, लोंढा आणतो आणि मला झोपवतो. दादा, सुरुवातीलाच रश करून त्याला पाडता येईल का? कोणता रश शिकू? आणि बाकीची पोरं म्हणतात रश म्हणजे रडीचा डाव. खरंय का ते?"

भाऊ, पाडता येईल. रश म्हणजे समोरचा तयार व्हायच्या आत, डावाच्या सुरुवातीलाच केलेला हल्ला. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर क्लास चालवतो. संध्याकाळी बॅच सुटली की तिथंच लॅनवर पोट्टे खेळतात. या खेळाच्या 2000 सालच्या कॉन्करर्स या पुरवणीपासून आम्ही हाच खेळ धरून आहोत, आणि कच्च्या खेळाडूनं पक्क्याला रश करून हरवलेलं मी अनेकदा पाहिलंय. पण रश करूनही तितक्याच सहज हरलेले त्याहून जास्त पाहिलेत. म्हणून कोणता रश हे नंतर बघू. आधी हे ठरव की मामेभाऊ तुझ्यापेक्षा नेमका कशात सरस आहे, आणि त्याचं ते सरसपण खेळात कितव्या मिनिटाला कामाला येतं.

400 रेटिंगचा फरक म्हणजे हिशोबानं 11 डावांत तुझा 1. पण हा हिशोब पूर्ण लांबीच्या, सगळ्या तऱ्हेच्या डावांची सरासरी आहे. 1300 वाला 900 वाल्यापेक्षा वरचढ कुठे असतो? साठ-सत्तर व्हिलेजर (कामकरी माणसं) कामाला लावून ठेवण्यात, दोन-तीन टाऊन सेंटर (गावाची मुख्य इमारत, जिथे व्हिलेजर बनतात) एकाच वेळी चालवण्यात, लढाई चालू असताना मागे फौज रांगेत लावण्यात, समोरच्याची फौज बघून आपली बदलण्यात. ही सगळी कामं वेळेबरोबर वाढत जातात. पहिल्या 10 मिनिटांत मात्र दोघांकडे एकच टाऊन सेंटर, तेवढ्याच मेंढ्या, तेवढीच दोन रानडुकरं आणि विसेक माणसं. एवढं काम पाठ करता येतं. तिथे तुमच्यातला फरक 400 चा राहत नाही. चांगला सराव केलास तर तो जवळजवळ पुसता येतो. रशचा खरा उपयोग हाच, की डावाचा निकाल या पाठ केलेल्या भागात किंवा त्याच्या अगदी जवळ ओढून आणायचा.

त्याची किंमतही तेवढीच खरी. आपल्याकडे पावसाच्या भरवशावर कपाशीची धूळपेरणी करतात, तसं हे आहे: पाऊस वेळेवर आला तर पीक सगळ्यांच्या पुढे, नाही आला तर बियाणं गेलं आणि दुबार पेरणी. रशमध्ये घातलेलं फूड आणि वूड शेतीत गेलं असतं. ते परत कसं मिळवायचं आणि नाही मिळालं तर पुढे काय, हे डाव सुरू होण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो. पहिलं नकाशा. अरेबियासारखा उघडा नकाशा असेल तर खालचं सगळं लागू. अरेनावर सुरुवातीपासून दगडी भिंती असतात, तिथे आठव्या-दहाव्या मिनिटाला घोडे नेऊन काही हाती लागत नाही. ब्लॅक फॉरेस्टवरही वाटा अरुंद, त्या पटकन बंद होतात. मामेभाऊ नकाशा निवडत असेल आणि दर वेळी ब्लॅक फॉरेस्टच घेत असेल, तर आधी एक डाव तुझा नकाशा, एक त्याचा, असं ठरवून घे. दुसरं, त्याची सवय. तू लिहिलंयस की तो शेती वाढवत बसतो. ही तुझ्यासाठी सोन्यासारखी माहिती आहे. स्वतःच लवकर हल्ला करणारा खेळाडू असता तर माझं उत्तर वेगळं असतं. तिसरं, तुझं मशीन आणि नेट. या खेळात प्रत्येक लॅपटॉप पूर्ण डाव स्वतः चालवतो आणि एकमेकांना फक्त हुकूम पाठवतो, त्यामुळे सगळ्यांत मंद मशीन सगळ्यांनाच मंद करतं. मोबाईल डेटावर पिंग, म्हणजे हुकूम पोचायला लागणारा वेळ, उसळत असेल तर बाण मारून मागे सरायचं, परत मारायचं, हे हातातलं काम नीट होत नाही. अशा वेळी धनुर्धारींपेक्षा घोडे बरे, कारण त्यांना दर सेकंदाला हाकावं लागत नाही.

या तिन्ही गोष्टी बघून मी तुला स्काउट रशच, म्हणजे हलक्या घोडेस्वारांचा रश, सुचवीन. का, ते वेळेच्या हिशोबानं बघ.

एक व्हिलेजर 50 फूडचा आणि तो बनायला 25 सेकंद लागतात. सुरुवातीला 3 असतात. तू 20 व्हिलेजर आणि 1 स्काउट, म्हणजे 21 लोकसंख्येला फ्यूडल एजचं (पहिलं युग डार्क एज, दुसरं फ्यूडल, तिसरं कॅसल) बटण दाबायचं ठरवलंस, तर 17 व्हिलेजर बनवायला 7 मिनिटं 5 सेकंद. लूमचे (व्हिलेजरला दणकट करणारी सुधारणा) 25 सेकंद धर, झाले साडेसात. फ्यूडलला 500 फूड आणि 130 सेकंद, म्हणजे 9 मिनिटं 40 सेकंदांना तू फ्यूडलमध्ये. स्टेबल, म्हणजे तबेला, एका माणसानं 50 सेकंदांत उभं राहतं, दोघं लावले तर 38 च्या आसपास. त्यानंतर दर 30 सेकंदांना एक स्काउट. पहिला 10:50 च्या सुमारास, तिसरा 11:50 च्या आत. सुरुवातीचा धरून 4 घोडे.

आता मामेभावाकडे बघ. शेती वाढवून थेट कॅसल एज गाठणारा खेळाडू साधारण 27 व्हिलेजर घेऊन वर जातो. त्याला 24 बनवायचे, म्हणजे 10 मिनिटं, वर लूम, 10:25 ला बटण, आणि 12:35 ला फ्यूडल. तुझे घोडे त्याच्या दारात पोचतात तेव्हा तो अजून डार्क एजमध्ये आहे. डार्क एजमध्ये भालेकरी बनत नाही. त्याच्याकडे घोड्याला उत्तर म्हणून टाऊन सेंटरचे बाण, कुंपण आणि त्याची स्वतःची कामकरी माणसं, एवढंच. हे 45 सेकंद ते एक मिनिट तुझं आहे. तुझा सगळा सराव या एका मिनिटासाठी आहे असं समज.

हे घड्याळ गेममधलं आहे, भिंतीवरचं नव्हे. रँक्ड डाव, म्हणजे ऑनलाइन रेटिंगसाठीचा, 1.7 पट वेगानं चालतो, म्हणजे गेममधली 10 मिनिटं प्रत्यक्षात सहापेक्षा थोडी कमीच असतात. तुला वाटतं त्यापेक्षा सगळं लवकर घडतं, आणि एक-दोन सेकंदांची ढिलाई मोजून येते.

सुरुवात अशी कर. पहिले 6 मेंढ्यांवर. पुढचे 4 लाकडावर, लंबर कॅम्प लावून. त्यानंतरचा एक पहिलं रानडुक्कर ओढून आणायला. मग एकानं घर बांधून बोरांजवळ मिल लावायची, त्याच्यासोबत आणखी 3 बोरांवर. दुसरं डुक्कर मेंढ्या संपायच्या आत. उरलेले लाकडावर आणि टाऊन सेंटरखाली, गरजेप्रमाणे. फ्यूडलचं बटण दाबलं की टाऊन सेंटरखालचे काही जण लाकडावर हलव आणि वर चढत असतानाच बॅरॅक्स (पायदळाची इमारत) बांध, कारण बॅरॅक्सशिवाय स्टेबल बांधता येत नाही. दोन्ही इमारती 175 वूडच्या. फ्यूडल लागताच स्टेबल. हा क्रम जगभरचे खेळाडू थोड्याफार फरकानं वापरतात, माझं त्यात काही नाही. माझा आग्रह फक्त एका गोष्टीचा: टाऊन सेंटर एकदाही रिकामं राहता कामा नये. एच दाबायचं, व्हिलेजर रांगेत लावायचा. डोळे कुठेही असोत, हाताला ही सवय पाहिजे.

सुरुवातीचा स्काउट आपल्या मेंढ्या शोधून झाल्या की चौथ्या-पाचव्या मिनिटाला त्याच्या गावाकडे वळव. तिथे लढायचं नाही, फक्त बघायचं. त्याची लाकूडतोड कुठे आहे? टाऊन सेंटरच्या बाणांच्या टप्प्यात की बाहेर? सोनं पुढच्या बाजूला आहे की मागे? कुंपण सुरू केलंय का, आणि कोणत्या बाजूची फट उघडी आहे? ही चार उत्तरं नसतील तर घोडे नेऊन तू त्याच्या गावाभोवती फिरत राहशील आणि तुझा तो एक मिनिट निघून जाईल.

घोडे पोचले की कुठे मारायचं? टाऊन सेंटरखाली कधीच नाही. लाकूडतोडीवर जा, नाहीतर सोन्यावर. फ्यूडलमध्ये स्काउटचा मार 3 वरून 5 होतो. व्हिलेजरचं आयुष्य 25, आणि लूम केलेला असेल तर 40, शिवाय एक चिलखत. म्हणजे लूम नसलेला माणूस 5 घावांत मरतो, लूम असलेला 10 घावांत. वर जाण्याच्या अगदी आधी लूम करायची बऱ्याच जणांना सवय असते, म्हणून 10:25 च्या आधी तुझा सुरुवातीचा स्काउट तिथे असला तर लूमविना माणूस सापडण्याची शक्यता असते. लूम असला तरी चौघांनी एकालाच धरलं तर तिसऱ्या फेरीत तो पडतो. चार घोडे चार माणसांच्या मागे सोडलेस तर एकही मरत नाही, सगळे पळून टाऊन सेंटरमध्ये शिरतात. आणि सहा-सात व्हिलेजर उलटून अंगावर आले तर मागे हट. त्यांचा मार फक्त 3 चा असतो, पण घोडा 45 चाच आहे.

आता एक महत्त्वाची गोष्ट, जी आमच्या क्लासमधल्या पोट्ट्यांना समजावायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. किती मारले यावर रशचा हिशोब करायचा नसतो. एक व्हिलेजर मिनिटाला साधारण वीसेक वस्तू गोळा करतो. तू लाकूडतोडीवर गेलास, 8 लाकूडतोडे घाबरून आत शिरले आणि अर्धा मिनिट आतच राहिले, तर त्याचं 80 वूड बुडालं. एकही माणूस न मारता एका स्काउटची किंमत वसूल. तो बाहेर आला की परत जा. आत शिरला की दुसऱ्या बाजूला बोरांवर किंवा सोन्यावर जा. त्याच्या नाइट्सना 60 फूड आणि 75 गोल्ड लागतं. सोन्यावरची माणसं बसू दिली नाहीस तर तो लोंढा विसाव्या मिनिटाऐवजी पंचविसाव्याला, अर्धाच येतो. तोपर्यंत तू कुठे पोचला असशील, यावर डाव ठरतो.

उलटा हिशोबही तितकाच कडक आहे. आमच्याकडचा एक पोट्टा फार सुंदर घोडे चालवायचा. एका डावात त्यानं 5 व्हिलेजर मारले, बाकीचे पोट्टे खुर्च्यांमागे उभे राहून ओरडत होते, आणि पंधरा-वीस मिनिटांनी तो हरला. रेकॉर्डिंग लावून मी त्याला फक्त त्याचंच टाऊन सेंटर दाखवलं. घोडे हाकण्याच्या नादात ते दोन मिनिटांपेक्षा थोडं जास्त रिकामं उभं होतं. 25 सेकंदाला एक या हिशोबानं 125 सेकंदांत 5 व्हिलेजर बनले असते. म्हणजे मारले 5 आणि न बनवलेले 5, बरोबरी. वर तीन घोडे गमावलेले, 240 फूड. घरही बांधलं नव्हतं, त्यामुळे मध्ये काही काळ तो बनवू म्हटलं तरी बनवू शकत नव्हता. लढाई जिंकल्याचा आनंद त्याला झाला आणि डाव समोरच्याला मिळाला. तू 900 ला आहेस याचा अर्थ हेच तुझ्याकडून होण्याची शक्यता सगळ्यांत जास्त आहे.

म्हणून मागचं घर कसं चालवायचं तेही आकड्यांत बघ. व्हिलेजर सतत बनवत ठेवायचे तर मिनिटाला 120 फूड. एका स्टेबलमधून सतत स्काउट काढायचे तर 160. बेरीज 280. माणशी 20 धरलं तर 14 माणसं फूडवर पाहिजेत. टाऊन सेंटरखालचं मांस संपत आलेलं असतं, म्हणून शेतं लावावी लागतात, एक शेत 60 वूडचं. म्हणूनच स्काउट रशमध्ये फ्यूडल लागल्यावर नवीन माणसं आधी लाकडावर पाठवतात, मग त्या लाकडातून एकेक करून शेतं. हे जमत नसेल तर सतत स्काउट काढू नकोस. 3 काढून थांब. थांबण्यात काही कमीपणा नाही. तुझ्या रेटिंगच्या खेळाडूला मी 3 वर थांबायलाच सांगतो.

आता रश लागू पडला नाही तर काय. तेराव्या मिनिटाला स्वतःला विचार: त्याची माणसं मी हलवू शकतोय का? याची तीन उत्तरं संभवतात.

त्यानं भालेकरी काढले असतील तर घाबरू नकोस. भालेकरी 35 फूड आणि 25 वूडचा, घोड्यावर त्याचा जादा मार 15 चा, त्याच्याशी थेट भिडायचं नाही. पण तो पायी आहे. तू लाकूडतोडीवरून सोन्यावर जाईपर्यंत तो अर्ध्या वाटेत असतो. शिवाय त्यानं भाल्यांवर घातलेलं फूड कॅसल एजच्या 800 फूडमधून गेलेलं आहे. अशा वेळी आर्चरी रेंज टाकून आर्चर, म्हणजे धनुर्धारी, सुरू कर, एक 25 वूड आणि 45 गोल्डचा. भाले आर्चरपुढे टिकत नाहीत. त्यासाठी बाराव्या मिनिटाच्या आसपास पाच-सहा माणसं सोन्यावर असली पाहिजेत, म्हणजे सोन्याचा विचार घोडे निघतानाच करून ठेवायचा.

त्यानं सगळीकडून कुंपण आणि घरं लावून गाव बंद केलं असेल तर घोड्यांनी कुंपण फोडत बसू नकोस, त्यात फार वेळ जातो. बाहेर राहिलेलं काही असेल, हरणांमागे गेलेला माणूस, दूरची लाकूडतोड, ते उचल आणि घोडे जिवंत घरी आण. तेच घोडे पुढे त्याच्या माणसांवर नजर ठेवायला उपयोगी पडतात. आणि तू ताबडतोब कॅसल एजच्या मागे लाग. त्यानं कुंपणावर वूड आणि वेळ घालवलाय, तू 3 घोड्यांवर 240 फूड. डाव साधारण समसमान आहे. 400 रेटिंगनं पुढे असलेल्या माणसाबरोबर चौदाव्या मिनिटाला समसमान असणं ही वाईट जागा नाही.

आणि तिसरं, रश जोरात लागू पडला, सात-आठ माणसं मेली. इथे बहुतेक नवखे घाई करतात आणि तिथेच संपवायला जातात. टाऊन सेंटर घोड्यांनी पडत नाही. त्याची माणसं कमी झालीत, आता तुझी वाढव. तो सावरायला जेवढा वेळ घेईल तेवढ्यात तू कॅसलमध्ये जा आणि या वेळी नाइट्स तुझे असू देत.

बाकीच्या रशबद्दल थोडक्यात. मिलिशियाचा रश, ज्याला सगळे ड्रश म्हणतात, त्यात डार्क एजमध्येच बॅरॅक्स टाकून 3 मिलिशिया, म्हणजे साधे पायदळ, पाठवतात. तो मुख्यतः त्रास द्यायला असतो, त्यातून पुढे काय करायचं हे माहीत नसेल तर फायदा होत नाही, आणि तो करता करता स्वतःची शेती सांभाळणं 900 ला जड जातं. टॉवर रशमध्ये स्वतःची माणसं पुढे नेऊन त्याच्या सोन्यावर किंवा लाकडावर बुरूज बांधायचे. एका टॉवरला 125 स्टोन, सुरुवातीला 200 असतात, म्हणजे एक बुरूज खाणीशिवाय होतो. हा रश नवख्यांविरुद्ध फार चालतो, पण 1300 वाला माणसं घेऊन येऊन बांधणारेच मारतो, आणि तुझे ते चार-पाच जण मेले की मागे काही उरत नाही.

संस्कृती कोणती घ्यावी? मंगोलांची शिकार 40 टक्के जलद होते, फ्यूडलचं फूड लवकर जमतं. हूणांना घरं बांधावीच लागत नाहीत, तुझं एक मोठं काम कमी. फ्रँक्सचे घोडे फ्यूडलपासून 20 टक्के जास्त दमाचे. तुझ्यासाठी मी हूण म्हणेन. घर विसरल्यामुळे हरलेले डाव मी क्लासमध्ये रोज बघतो.

आता पुढचा प्रश्न, जो तू विचारला नाहीस पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पडणार आहे: एकदा हरल्यावर तो सावध होईल, मग? 2004 साली दक्षिण कोरियातल्या एव्हर ओएसएल स्पर्धेच्या उपांत्य फेरीत लिम यो-ह्वान, ज्याला सगळे बॉक्सर म्हणून ओळखतात, त्यानं स्टारक्राफ्ट या अशाच दुसऱ्या खेळात हाँग जिन-होला सलग तीन डावांत एकाच युक्तीनं, बंकर रशनं (समोरच्याच्या दारात बंकर बांधून केलेला रश), 3-0 हरवलं. दोघंही त्या काळचे अव्वल खेळाडू. हाँगला दुसऱ्या डावाला माहीत होतं की असं होऊ शकतं, तिसऱ्याला तर पक्कंच माहीत होतं. तरी नुसती माहिती पुरली नाही. बॉक्सर पुढे अंतिम फेरीत चोई यन-संगकडून 3-2 हरला, म्हणजे ही युक्ती काही सर्वशक्तिमान नव्हती. पण यावरून दोन गोष्टी लक्षात घे. एक, रश फक्त कच्च्यांचं हत्यार आहे हे खरं नाही. दोन, समोरचा सावध झाला की त्याला ठरवावं लागतं: हा परत येईल की नाही? येईल म्हणून आधीच भाले आणि कुंपण केलं आणि तू आलाच नाहीस, तर त्याची शेती मागे पडली. म्हणून दुसऱ्या डावात पहिल्या पाच मिनिटांत तुझा स्काउट पुन्हा त्याच्या दारात तसाच फिरू दे. तो कुंपण लावायला लागला की तू तीनऐवजी एकच घोडा काढ किंवा एकही नाही, आणि उरलेलं सगळं आर्चरमध्ये किंवा थेट कॅसलमध्ये घाल.

रडीचा डाव आहे का? आमच्याकडेही जुनी पद्धत होती, "20 मिनिटं हल्ला नाही". तसं आधी बोलून ठरलं असेल तर शब्द पाळायचा, त्यात दुसरा विचारच नाही. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये तहाची वेळ लावायची सोयही आहे, ती लावली की प्रश्नच मिटतो. पण ठरलेलं नसेल तर रश हा खेळाचा भाग आहे. कुंपण, भाले, बेल वाजवून माणसं आत घेणं, हे सगळं खेळ बनवणाऱ्यांनी रशला उत्तर म्हणूनच दिलंय. जो नेहमी कुंपणाशिवाय 27 माणसांची शेती करतो तो एक जोखीम घेतो, आणि त्याला आजवर कुणी त्याची किंमत मागितली नाही. ती मागण्यात अन्याय काही नाही. आमच्याकडे रश सुरू झाल्यावर सगळ्या पोट्ट्यांचा खेळ सुधारला. आधी विसाव्या मिनिटापर्यंत कुणी समोरच्याचं गाव बघायचंसुद्धा नाही. ही गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते. मामेभावाला नीट समजावून सांग, तोही याच कारणानं सुधारेल.

थोडक्यात परत: उघडा नकाशा, हूण, 21 ला वर, तीन घोडे, लाकूडतोड आणि सोनं, टाऊन सेंटर सतत चालू, तेराव्या मिनिटाला निर्णय.

सराव कसा करायचा? पोळ्याला अजून वेळ आहे. सुरुवातीला समोर कुणीच नको. साध्या कॉम्प्युटरविरुद्ध डाव लावायचा, फक्त 9:40 गाठायचं आणि डाव बंद करायचा. दहा मिनिटांचा डाव प्रत्यक्षात सहा मिनिटांचा, त्यामुळे अभ्यास सांभाळूनही एका संध्याकाळी तीन-चार होतात, लाईन गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर दोन तरी होतात. खेळातच आर्ट ऑफ वॉर नावाचे सरावाचे टप्पे आहेत, त्यातला सुरुवातीच्या शेतीचा आधी कर. 9:40 च्या ऐवजी 10 पर्यंत सहज यायला लागलास की मग घोडे. घोडे चालवताना मागे व्हिलेजर बनत राहतात का, एवढंच बघ, किती मारले ते सोडून दे. त्यानंतर रँक्डमध्ये हाच डाव खेळ, आणि बदलू नकोस. चार दिवस स्काउट, चार दिवस टॉवर, असं करणाऱ्याचा एकही पक्का होत नाही.

यातल्या एखाद्या रँक्ड डावाची रेकॉर्डिंग मला पाठव, हरलेल्या डावाची पाठवलीस तर उत्तम. सात ते तेरा मिनिटांच्या दरम्यान तुझं टाऊन सेंटर किती वेळ रिकामं होतं आणि घोडे निघताना सोन्यावर किती माणसं होती, हे दोन आकडे मी काढून देतो. तान्ह्या पोळ्याच्या आधी ते दोन आकडे सुधारले असतील तर पहिल्या डावात अरेबिया माग.